रोडग्यांचा विस्तव

वामनराव इंगोल्यांसारखे निखाऱ्यात भाजलेले कणकीचे रोडगे अख्ख्या गाडगेनगरात कोणाला जमत नव्हते, हे त्यांचा वैरीसुद्धा कबूल करील. वैरी म्हणावा असा त्यांना कोणी नव्हताच म्हणा. एस.टी.च्या वर्कशॉपात जन्मभर इंजिनं उघडली, पुन्हा बसवली आणि एक दिवस नारळ-शाल घेऊन घरी आले. पेन्शन इतकी की आकडा सांगायला जीभ रेटत नाही. दोन खोल्यांचं घर, पोरगी रागिणी अकोल्याला दिलेली, घरात आपण आणि पार्बताबाई. चारचौघांत बोलायला गेले की तिसऱ्या वाक्याला त्यांची गाडी चिखलात रुतायची. पण गोवऱ्या पेटवून एकदा समोर उकिडवे बसले की हाच माणूस हवालदारासारखा हुकूम सोडायचा. ‘ए किशोऱ्या, कणकीले मोहन कमी झालं.’ ‘ए वकिला, सावली सोड, वारा अडून राहिला.’ आणि सगळे निमूट ऐकायचे.

सगळे म्हणजे बाकीचे तिघं. म्युनिसिपालिटीच्या शाळेत हे चौघं एका बाकावर होते. पुढे चिंतामण वकील झाला, रुक्मिणीनगरात बंगला बांधला. किशोरचं नळ-फरश्यांचं दुकान झालं आणि ते चाललं. जानरावची मोर्शीकडं बापजाद्यांची काळी जमीन, तो ती बटाईनं देऊन अमरावतीत राहायचा. वामनराव वर्कशॉपात राहिले. तरी दोस्ती टिकली, हे खरं. रोज सकाळी वडाळीच्या तलावावर फिरणं, परतताना टपरीवर चहा आणि वर्षातून एकदा, थंडी ओसरली की, जानरावच्या शेतात रोडग्यांची पार्टी. बंगलेवाले आणि दोन खोल्यांवाले त्या एका दिवशी एकाच परातीतून जेवायचे, आणि त्या दिवशी वामनराव राजे असायचे. माणसाला वर्षातून एक दिवस राजा होता आलं तरी पुरतं.

खर्चाची रीतही ठरलेली होती. पेट्रोल, तूप, वांगी, जे काय लागलं ते चौघांत सारखं. दोन वर्षांमागं चिखलदऱ्याच्या घाटात किशोरच्या गाडीचं टायर फाटलं, तेव्हा गाडी किशोरची, टायर किशोरचं, पण पैसे चौघांनी दिले. वामनरावांनी महिन्याच्या दुधात काटकसर केली आणि आपला वाटा टाकला. ‘दोस्तीत तुहं-माहं नसते बे,’ असं किशोरच म्हणाला होता, आणि तो तेव्हा खोटं बोलत नव्हता.

यंदाची पार्टी झकास झाली. गहू निघून गेला होता, धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत वाळून कोरडंठक्क झालं होतं, आणि धुऱ्यापलीकडं कुलदीप नावाच्या तरुण शेतकऱ्याचा संत्र्याचा बगीचा मृगाच्या बहरानं वाकला होता. आंब्याखाली वामनरावांनी खड्डा केला, गोवऱ्या रचल्या, निखारे पडले तसे रोडगे आत दाबले. पहिला रोडगा निघाला तो फडक्यानं झटकून, वर तुपाची धार सोडून धुऱ्यावरच्या म्हसोबाला ठेवला. मग चौघं बसले. वांग्याची झणझणीत भाजी, फोडलेला रोडगा, त्यावर वरण, त्यावर तूप. वकिलानं पँटचं बटन सैल केलं. जानराव तर तिथंच आडवा झाला.

निघायच्या वेळी किशोरनं पाण्याची बादली उचलली आणि विस्तवावर ओतायला निघाला. वामनराव ओरडले.

"अबे थांब! पानी टाकू नको."

"काहून बे? इझवाचा नाही काय?"

"निवद निंघाला ना ह्या विस्तवातून. देवाचा झाला तो. त्यावर पानी नाही टाकत, मातीनं झाकतात. माही माय जन्मभर असंच करे."

आता ही काही फक्त वामनरावांच्या आईची रीत नव्हती. तिघांच्याही घरी जुन्या बायका हेच सांगत आल्या होत्या. किशोरनं लगेच बादली खाली ठेवली, जानरावनं हात जोडले, आणि कायद्याची पुस्तकं कोळून प्यालेला वकीलसुद्धा म्हणाला, ‘बरोबर आहे, पाणी नको.’ वामनरावांनी फावड्यानं माती ओढली, वर पायानं थापली, पुन्हा ओढली. बोटभर धूर दिसेना तेव्हाच ते हलले. गाडी रस्त्यावर उभी होती. चौघं गाडीत बसले, आणि वकिलाला ऐनवेळी लघवी लागली. तो परत आंब्याकडं गेला, किशोर हॉर्न वाजवत बसला, वकील पँट झटकत आला आणि गाडी निघाली.

दिवस मावळायच्या आत जानरावचा फोन वाजला. दुपारी वारा सुटला होता. धुरा पेटला. धुऱ्यावरून आग कुलदीपच्या बगीच्यात शिरली. गावचे लोक धावले म्हणून बगीचा वाचला, पण कडेच्या ओळीतली फळांनी लदलेली झाडं होरपळली आणि ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटल्या.

दुसऱ्या दिवशी चौघं तिथं गेले. संत्री झाडावरच उकडून काळी पडली होती. कुलदीप आरडाओरडा करणारा पोरगा नव्हता, म्हणून जास्तच वाईट वाटत होतं. तो नुसता म्हणाला, "काका, व्यापारी पुढल्या आठवड्यात येनार होता." मग त्यानं आंब्याखालचा खड्डा दाखवला. माती एका बाजूनं उकरलेली होती. "कुत्र्यानं उकरलं असन," कुलदीप म्हणाला, "रोडग्याच्या वासानं." साठ हजार द्या, नाहीतर मला ठाण्यात जावं लागेल, असं तो शेवटी म्हणाला. नुकसान पाहता साठ हजार काही अवाच्या सव्वा नव्हते. जानरावनं तोंडावर हो म्हटलं.

परतीची गाडी निघाली. वामनराव मनात हिशेब करत होते की चौघांत पंधरा-पंधरा हजार येतील. पंधरा म्हणजे फार झाले, पण निभेल. त्यांच्या घरात तीस हजार बाजूला ठेवलेले होते. पार्बताबाईंचे गुडघे पार गेले होते. संडासात उकिडवं बसणं म्हणजे त्यांना रोजची शिक्षा. भिंतीला दोरी बांधली होती, ती धरून बसायच्या आणि तीच धरून उठायच्या, उठताना ‘माय वं’ म्हणायच्या, ते बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं. अकोल्याला पोरीकडं कमोड होता. तिथून चार दिवस राहून आल्या की त्या तेवढंच सांगायच्या, जावयाचं कौतुक नाही की नातवाचं नाही. ते तीस हजार कमोडाचे होते. किशोरच्याच दुकानात एक पांढरा कमोड त्यांनी पाहून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वकिलाच्या ऑफिसात बैठक झाली. म्हणजे त्याच्या बंगल्याच्या पुढच्या खोलीत. चहा आला. किशोरनं सुरुवात केली.

"तं मंग कसं कराचं? वाटून घ्याचे काय?"

"वाटूनच घेऊ ना," जानराव म्हणाला, पण त्याचा आवाज काही ठाम नव्हता. शेत त्याचं, शेजारी त्याचा, त्याला आधीच घरी बोलणी बसली होती. "पन एक सांगतो, तवा पानी टाकलं असतं तं हे झालंच नसतं."

"बादली मी उचलली होती," किशोर म्हणाला, आणि तिघांनी वामनरावांकडं पाहिलं.

बघा, कसं होतं. कालपर्यंत जो विस्तव चौघांचा होता, तो त्या एका नजरेनं एकाचा झाला. वामनरावांनी मान खाली घातली. ‘टायरच्या वक्ताले तं आपन वाटून घेतले होते’ एवढं ते कसंबसं पुटपुटले.

वकिलानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. कोर्टात तो असंच करायचा म्हणे.

"टायरची गोष्ट वेगळी, वामन. टायर फाटलं त्यात कोणाची चूक नव्हती. अचानक आलेला खर्च सगळ्यांचा. पण हयगयीनं झालेलं नुकसान ज्याच्या हातून झालं त्याचं. हा माझा नियम नाही, जगाचा आहे."

"कुत्र्यानं उकरलं ना पन," वामनराव म्हणाले.

"उकरू दे. पाणी टाकलं असतं, तर कुत्रा उकरून काय करणार होता? झाकणाऱ्यानं विचार करायचा असतो." मग तो मऊ आवाजात म्हणाला, "तरी आपण दोस्त आहोत. सगळं तुझ्यावर नाही टाकत. अर्धे तू दे, अर्धे आम्ही तिघं देतो."

झाला निवाडा. तीस वामनरावांचे, दहा-दहा तिघांचे. जानराव आणि किशोरनं सुटकेचा श्वास टाकला. दहा म्हणजे त्यांना एक लग्नाचा आहेर. वामनरावांना तिथंच ओरडून विचारावंसं वाटलं की बाबांनो, तुम्हीही हात जोडले होते ना रे? पण ते ‘बरं’ म्हणाले. गरिबाला ‘बरं’ म्हणायची सवयच असते, आणि त्या सवयीचा मला भारी राग येतो.

घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा पार्बताबाई भडकल्या.

"कोनाच्या बापाची चूक? तुमच्या हातून विस्तव उघडा राह्यला म्हन्ते? मी लग्न करून आली तवापासून पाहून राहिली. तुमी बिडीचं थोटूकसुद्धा दोनदा चिरडता. मले सांगू नका! कोनीतरी केलं असन, पन तुमी नाही केलं."

"अवं, पन पानी टाकू नका मीच म्हनलं ना."

"म्हनलं तं म्हनलं. त्याहीनं ऐकलं कावून मंग? त्याहिले तोंड नव्हते? चार जनं रोडगे गिळाले, अन् भराले एक जन. असे दोस्त अशीन तं वैरी कशाले पायजेत!"

आणि त्या तीस हजार आपल्या हातानं कपाटातून काढून वामनरावांच्या पुढ्यात आपटून आत निघून गेल्या. कमोडाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. वामनरावांना त्या शिव्या ऐकून रडू आलं. जगात एक माणूस तरी त्यांना दोषी मानत नव्हता. त्या रात्री ते जेवले ते तेवढ्याच आधारावर.

पैसे गेले. कुलदीपनं हात जोडून घेतले. वाटलं होतं, आता विषय संपेल. पण दोस्त लोक मस्करी करायला लागले, आणि मस्करीला काय हो, पैसे पडत नाहीत. तलावावर वामनरावांनी बिडी काढली की जानराव म्हणायचा, "वामन्या, पायजो बे, वडाळीचं जंगल पेटवशीन." टपरीवाल्यालाही गोष्ट कळली. किशोर म्हणाला, "पुढल्या वर्षी शेगाव रोडच्या ढाब्यावर जाऊ. उगाच जाळपोळ नको." सगळे हसले. वामनरावही हसले. हसता हसता त्यांना कळलं की आपलं राज्य गेलं. आता त्या टोळक्यात ते रोडगे करणारे नव्हते, बगीचा जाळणारे होते. मग त्यांनी सकाळचं फिरणंच सोडलं. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं, आणि घरात खऱ्या दुखऱ्या गुडघ्यांसमोर असं खोटं बोलताना त्यांना लाज वाटली.

पार्टीसाठी वकिलाकडून आणलेली पितळेची परात अजून घरात पडून होती. एक दिवस पार्बताबाईंनी ती घासून लख्ख केली आणि म्हणाल्या, "त्याहीची चीज त्याहिले नेऊन द्या. आपल्या घरात नको." वामनराव परात घेऊन रुक्मिणीनगरात गेले. वकील कोर्टात गेला होता. सरोजिनीवहिनींनी दार उघडलं. बाई साधी, नवऱ्याच्या वकिलीचा वाराही न लागलेली. बळंच बसवलं, पाणी दिलं.

"भाऊ, फिरायला येत नाही म्हणतात. त्या आगीचं मनाला लावून घेतलं का?"

"नाही वैनी, तसं काही नाही."

"अहो, होतं माणसाकडून. पण रोडगा मात्र काय झाला होता हो! यांनी मुद्दाम माझ्यासाठी आणला. गाडीत बसल्यावर आठवलं म्हणे, की सरूसाठी विस्तवात ठेवलेला एक तसाच राहिला. मग परत जाऊन काडीनं उकरून काढला. बोटं पोळली, फोड आला होता चांगला. खिशात रुमालात बांधून आणला. घरी आला तरी कोमट होता."

वहिनी कौतुकानं सांगत होत्या. नवरा म्हातारपणी आपल्यासाठी बोटं पोळून घेतो याचं कोणाला कौतुक नसणार? त्या रोडग्याचा आणि त्या आगीचा काही संबंध असेल, हे त्या बाईच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. वामनरावांच्या हातातला पेला तसाच राहिला. माती झाकली होती, हे त्यांना माहीत होतं. पायानं थापून झाकली होती. मग वकील परत गेला होता, हॉर्न वाजत होता. कुत्रा-बित्रा काही नव्हता. ते उठले, परात ठेवली आणि चपला घालायला विसरून फाटकापर्यंत गेले. वहिनींनी हाक मारली तेव्हा परत आले.

संध्याकाळी ते पुन्हा गेले. वकील ऑफिसात एकटा बसला होता. तो ‘बस’ म्हणायची वामनरावांनी वाट पाहिली नाही.

"चिंतामन्या, विस्तव तू उकरला."

वकिलानं मान वर केली, दाराकडं पाहिलं, उठून दार लोटून घेतलं. तेवढ्यावरून सगळं कळलं. नाकारायचं असतं तर तो आधी दाराकडं गेला नसता.

"हळू बोल," तो म्हणाला. "मी परत माती लोटली होती."

"पुरी लोटली होती?"

"बोटं पोळली होती रे. किशोर हॉर्न वाजवत होता. लोटली होती मी, पायानं."

"मंग निवाडा कावून देल्ला तू? कुत्र्याचं नाव घेतलं तवा तुह्या तोंडून शब्द नाही निंघाला?"

वकिलानं चष्मा काढला, पण आज तो टेबलावर न ठेवता हातातच धरून बसला. "तू मान खाली घातलीस, वामन. मला वाटलं, तू मान्यच करून टाकलंस. ते दोघंही तुझ्याकडंच पाहत होते. त्या वेळी मी कसं बोलणार? आणि पाणी टाकलं असतं तर उकरूनही काही झालं नसतं, हे तर खोटं नाही ना?"

"खोटं नाही," वामनराव म्हणाले. "पन मंग चूक दोघांची झाली. चौघांची झाली, हात तं साऱ्याहीनं जोडले होते. म्हनून तं वाटून घ्याचे असतात बे पैसे! कोनाची चूक, कोनाची नाही, हे पाहाचं कामच पडत नाही."

इतकं लांब ते जन्मात कधी सलग बोलले नसतील.

वकिलानं ड्रॉवरची किल्ली काढली. "मी तुझे तीस देतो. आत्ता देतो. पण त्या दोघांना सांगू नको. मीच निवाडा दिला आणि मीच... उद्या बार रूममध्ये जाईल ही गोष्ट. माझं तोंड काळं होईल."

"मले पैसे नाही पायजेत. तू फक्त त्याहिले सांग. येवढंच म्हन, की वामन्यानं विस्तव बरोबर झाकला होता."

"तेवढं सोडून बोल."

"मंग ठेव तुहे पैसे तुयापाशी." वामनराव निघून आले. रस्त्यानं येताना त्यांची छाती भरून आली होती. आयुष्यात पहिल्यांदा वकिलाला तोंडावर बोललो, आणि पैसे लाथाडले. उद्या सकाळी तलावावर जायचं, जानराव-किशोरला सरळ सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सकाळी उठले तेव्हा पार्बताबाई संडासात होत्या. दोरी करकरली. मग ‘माय वं’ असा आवाज आला, आणि नंतर नुसत्या धापा. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. वामनरावांनी दारावर थाप मारली. "थांबा जरा," आतून आवाज आला, "उठनं होऊन नाही राहिलं." कडी आतून लागलेली. बाहेर नवरा उभा, आत बायको भिंतीला धरून उठायचा प्रयत्न करते आहे, आणि मधे एक पत्र्याचं दार. शेवटी त्या उठल्या, घामाघूम होऊन बाहेर आल्या आणि नवऱ्याकडं न पाहता पलंगावर जाऊन पडल्या. "काही नाही झालं," म्हणाल्या, "तुमी जा फिराले."

वामनराव फिरायला गेले नाहीत. चपला घालून ते थेट रुक्मिणीनगराच्या वाटेनं निघाले. वाटेत तीनदा तरी परत फिरावंसं वाटलं. खरं सांगून काय मिळणार होतं? वकिलानं साफ नाकारलं असतं, साक्षीला त्याची बायको, तिला कोण विचारणार, आणि तिला मधे ओढायचं तरी कसं? वकिलाच्या शब्दापुढं वर्कशॉपातल्या माणसाचा शब्द कोण धरतो? आणि समजा धरला, जानराव-किशोरनं वकिलाला चार शिव्या घातल्या, तरी त्यानं दोरी करकरायची थांबणार होती का?

फाटकाशी वहिनीच आल्या. वामनराव काही बोलायच्या आत म्हणाल्या, "हे म्हणाले होते, भाऊ आले तर हे द्या. तुमचे काही द्यायचे राहिले होते म्हणे." हातात एक जाड पाकीट. आतल्या खोलीत टीव्ही सुरू होता आणि त्याचा आवाज जरा जास्तच मोठा होता. वकील बाहेर आला नाही. म्हणजे त्याला ठाऊक होतं, वामन येईल. इतक्या वर्षांच्या दोस्तीत त्यानं वामनरावांना एवढं तरी ओळखलं होतं. वामनरावांनी पाकीट घेतलं.

पुढचं सगळं भराभर झालं. किशोरच्या दुकानातून पांढरा कमोड आला. किशोरनं भाव सोडला, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे, आणि रिक्षात चढवताना म्हणाला, "हे घे बे, हे काही पेटत नाही." वामनराव नेहमीसारखे हसले. मिस्त्रीनं जुनं भांडं फोडलं, नवं बसवलं, खाली खरखरीत फरशी लावली, म्हणजे पाय घसरू नये. पार्बताबाई पहिल्यांदा आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचं तोंड पोरीसारखं झालं होतं.

"अजी, पन पैसे कुठून आनले तुमी? व्याजानं तं नाही ना काढले?"

वामनरावांनी हे उत्तर रस्त्याभर घोकून ठेवलं होतं. वकिलाला शब्द दिला नव्हता, पण पाकीट घेतलं तेव्हाच तो दिल्यासारखा झाला होता. "दोस्ताहीनं देल्ले," ते म्हणाले. "मंगून त्याहीचा विचार फिरला. म्हने, वामन्यावर जास्त झालं. वाटून घेतले साऱ्याहीनं."

"माय वं! वकिलानंबी?"

"वकिलानंच जास्त देल्ले."

पार्बताबाई खाटेवर टेकल्या. पदरानं डोळे पुसले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, इतके दिवस ज्या माणसांना बोटं मोडून शिव्या घातल्या ती अशी निघाली म्हणून. शेजारच्या बेबीताई कमोड पाहायला आल्या होत्या, त्यांनाही पार्बताबाईंनी सांगितलं, वकील साहेब म्हणजे देवमाणूस. बेबीताई गेल्यावर मग त्या नवऱ्याकडं वळल्या, आणि आवाज खाली आणून, समजुतीनं बोलल्या.

"खरं सांगू? राग नका धरू. म्या तवा तुमची बाजू घेतली, पन आता मले वाटते, तुमच्याच हातून राह्यलं असन काही. वय झालं आता, होते मानसाचं लक्ष इकडं-तिकडं. नाही तं कोनी येवढं करते का दुसऱ्यासाठी? चूक तुमची, अन् भरलं त्या बिचाऱ्याहीनं."

सांगावं, आत्ता सांगावं, असं वामनरावांच्या अगदी जिभेवर आलं. पार्बताबाई वाट पाहत होत्या, की हा माणूस एकदा चूक कबूल करतो का.

"हो," ते म्हणाले. "माहीच चूक होती."